दोन बायका लागोपाठ नकोत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष जज्ज प्रूइट, व्यासपीठावरील पाद्री स्टिडमसाहेब, आमच्या उत्सवमूर्ती व्हर्लीन टॅकेट आणि जेवणं थांबवून बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

व्हर्लीनला आज खरं तर अहो-जाहो करायला हवं, पण जीभ वळत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं गाऊन ती उद्यापासून गिटार खाली ठेवणार. अकरा गाणी देशात पहिल्या क्रमांकावर गेली. पाद्रीसाहेबांनी यादी वाचलीच आहे, दोन गाणी गाळून. (ती दारूवरची होती, आम्ही समजू शकतो.)

तिचं पहिलं गाणं रेडिओवर मी वाजवलं, म्हणून मला इथे उभं केलंय. ती गोष्ट मी आजवर अर्धीच सांगितली.

एकाहत्तर साल. टॅकेट बहिणी आमच्या रेडिओ स्टेशनात आल्या. दोघींच्या हातात आपापली नवी रेकॉर्ड. थोरली ओलेटा, जिने व्हर्लीनला गिटार शिकवली. व्हर्लीन म्हणाली, "ड्वाइट, आधी ताईचं लाव. माझं राहू दे."

तेव्हा आमच्या धंद्यात एक नियम होता. दोन बायकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत. तासाला एकच बाई. श्रोते कंटाळतात म्हणे. कुणी मोजले होते श्रोते? मी तरी नाही. पण नियम पाळला. बातम्यांना पावणेतीन मिनिटं उरली होती. ओलेटाचं गाणं तीन मिनिटांचं, व्हर्लीनचं अडीच. मी व्हर्लीनचं लावलं.

फोन थांबेनात. मग तासातली ती एक जागा व्हर्लीनचीच झाली.

पंधरवड्याने ओलेटा आली. "काय रे, माझी रेकॉर्ड लावलीस की तिच्यावर कॉफीचा कप ठेवतोस?"

नियम सांगायची लाज वाटली. म्हणालो, "लावली की. दुपारी, तू गिरणीत कामावर होतीस तेव्हा."

"मग? फोन?"

"नाही आला गं."

ती हसली. "एकसुद्धा नाही? आमच्या आईनेही नाही? जाऊ दे. नाही आवडली तर लोकांचा काय दोष!"

त्यानंतर ती चर्चमध्येसुद्धा मागच्या बाकावर बसून गाणी नुसती पुटपुटायची. सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. तुमच्यातल्या निम्म्यांना तिने जेवू घातलंय. आणि व्हर्लीन प्रत्येक मुलाखतीत सांगत राहिली, "ताई माझ्याहून सरस गायची, पण लोकांनी तिला नाकारलं." ते वाक्य तिला मी दिलं होतं. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. दर वेळी समोर कुणीतरी टाळ्या वाजवत असायचं.

ओलेटा, तू तिसऱ्या रांगेत बसली आहेस. मान खाली घालू नकोस, घालायची ती मी. तुझी रेकॉर्ड मी कधी लावलीच नाही. या गावाने तुला नाकारलं नव्हतं. गावाने तुला ऐकलंच नव्हतं.

व्हर्लीन, तुझ्या मानाच्या दिवशी हे बोललो. पण दोघी बहिणी एका छपराखाली सापडतील असा दुसरा दिवस माझ्या वाट्याला येईल, याची खात्री नाही.

संयोजकांचे आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे मनापासून आभार. बोलण्यात कुठे नाव चुकलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर ते पोटात घाला. बाकीचं मात्र तुम्ही कुणी माफ करू नका. ते ओलेटाला ठरवू द्या.