टाळी वाजवली की येतात

जपानमधल्या ओजिया गावच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोन शेजारी बसले होते. एक नुकतेच निवृत्त झालेले हिरासावा, दुसरे जन्मभर कोई हे तळ्यातले रंगीत मासे पाळत आलेले माकिनो. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्या बसला ऐकू येत होतं.

"हिरासावासान, पाणी गार पडलं की माशांचं खाणं बंद, असं मी सांगितलं होतं ना?"

"बंदच आहे."

"मग ते तळाशी गप्प पडून राहायला हवेत. काल कुंपणावरून तुमच्या तळ्यात पाहिलं, सगळे काठाशी तोंडं उघडून हजर."

"चिमूटभरच घालतो हो."

"थंडीत त्यांना पचत नाही. पोटात कुजतं. मरतील."

"टाळी वाजवली की धावत येतात, माकिनोसान. मग रिकाम्या हातानं कसं परतायचं?"

"मग टाळी वाजवूच नका."

"घरात मी हाक मारली की बायको टीव्हीचा आवाज वाढवते."

माकिनो त्यांच्याकडे वळले.

"बर्फ वितळेपर्यंत माझ्या दाराशी येऊन टाळी वाजवा. मी येईन."

"खरंच याल?"

"येईन. पण रिकाम्या हातानं येऊ नका. मला थंडीतही पचतं."