मी फक्त ‘ऐकून बघा’ म्हणालो

नाही नाही, हात खाली करा, खाली करा... आज मी कुणालाही एकही अल्बम सांगणार नाही, आज नाही, उद्या नाही, ह्या जन्मात नाही! आणि ती खोकी ओढून बसू नका हो, महिन्याची बैठक रद्द आहे, मी फक्त दुकानाच्या दारावर ‘बंद’ची पाटी लावायला आलोय. पाच मिनिटांत निघायचंय मला. घरी दारात बॅग भरून उभी आहे, चारची गाडी आहे, आणि बॅग माझी नाही, बायकोची आहे. तीन वाजून गेलेत, घर सात मिनिटांवर, स्टँड त्याच्यापुढे दहा मिनिटं, म्हणजे वेळ आहे तसा, पण आहे म्हणून बसू नका. काय झालं? काय झालं ते विचारू नका. म्हणजे विचारा, पण उभ्या उभ्या विचारा.

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी जुन्या रेकॉर्ड विकतोय. पॉप आणि अल्टरनेटिव्ह रॉक, तिसरं काही दुकानात नाही. माणूस दारातून आत आला की त्याचे बूट बघायचे, तो कव्हरं पुढून चाळतो की मागून ते बघायचं, आणि सांगायचं, तुम्ही हा घ्या. वर पिवळ्या कार्डावर लिहून द्यायचं... जेवणाआधी, पहिली बाजू, खिडकी लावून. लोक हसायचे, म्हणायचे, डॉक्टरची चिठ्ठी आहे का ही? मीही हसायचो. कारण मी असं काय करत होतो? मी फक्त ‘ऐकून बघा’ म्हणत होतो!

मग समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर आले. म्हणाले, पेशंट फार घाबरतात हो, दवाखान्यात लावायला काहीतरी शांत सांगा. मी त्यांना खुर्चीवाला अल्बम दिला. कव्हरवर एक रिकामी खुर्ची, दुसरं काही नाही. तिघांचा बँड, ड्रम हळू, गिटार त्याहून हळू, गाणारा तर जांभई दाबत दाबत गातो... मला वाटलं, पेशंट झोपतील. पेशंट नाही झोपले, डॉक्टर जागे झाले. तिसऱ्या आठवड्यात एका माणसाची दाढ कोरता कोरता त्यांनी यंत्र बंद केलं, गाणं संपेपर्यंत तसेच उभे राहिले, हातमोजे काढले, कोट खुंटीला लावला आणि गेले. दवाखाना उघडा, डोक्यावर दिवा चालू, आणि तो माणूस पाऊण तास आ वासून खुर्चीत. कोण तो माणूस? मी! अर्धी जीभ बधिर, हाक मारावी तर तोंडातून नुसती हवा. घरी येऊन बायकोला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “पाऊण तास गप्प होतात? मला बोलावलं का नाही?” तिचा स्वभावच थट्टेखोर, मी लक्ष दिलं नाही.

डॉक्टर आता पोहायला शिकवतात. आणि महिन्याभराने काय केलं माहितीये? आभार मानायला आले. शिव्या दिल्या असत्या तर मी पचवल्या असत्या हो, पण त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, ओला हात, थंडगार, आणि एवढंच म्हणाले, “तुमच्यामुळे.” मी काय केलं होतं? मी फक्त ‘ऐकून बघा’ म्हणालो होतो.

योगायोग, म्हणाल. मीही म्हणालो. मग मेहुणीचं लग्न आलं. बायकोची धाकटी बहीण, अकरा दिवसांवर लग्न, मला म्हणाली, भावजी, आम्हाला नाचायला काहीतरी झकास सांगा. मी म्हटलं, ह्यात काय धोका? चांगला गुटगुटीत, लग्नालग्नांत वाजणारा पॉप अल्बम काढला, दोन लिंबांचं कव्हर, टाळ्या, शिट्ट्या, ऐकून कुत्रंसुद्धा शेपूट हलवेल. ती पाच वर्षं त्या गाण्यांवर नाचत होती, पण शब्द कधी ऐकले नव्हते तिने! माझं कार्ड वाचलं, त्यावर मीच शहाण्याने लिहिलेलं, ‘बसून ऐका’. बसली. ऐकलं. उठली, आणि नवरदेवाला फोन करून सांगितलं की लग्न करायचं नाही. बरं, इथवर ठीक. दोन दिवसांनी त्या नवरदेवाची आई दुकानात. मला वाटलं, आता बाई रेकॉर्ड फोडतात. बाई शांत. “कुठला अल्बम तो?” म्हणाल्या. मी दाखवला. त्यांनी तो घेतला, नीट पिशवीत ठेवला, आणि महिन्याच्या आत नवऱ्याला सोडून बहिणीकडे राहायला गेल्या. मी त्यांना ‘ऐकून बघा’सुद्धा म्हणालो नव्हतो!

उभेच आहात ना? तीन-वीस... आहे, वेळ आहे. एवढं एक सांगतो आणि पळतो.

आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणारा गडी. त्याला छत्रीवाला अल्बम दिला. त्याने तो कॅसेटवर उतरवून घेतला, काम करताना कानाला लावला, दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ऐकलं, आणि हत्यारांची पेटी उघडी टाकून जिना उतरून गेला तो गेलाच. लिफ्ट अजून तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे आहे. आतला दिवा चालू असतो. कुणी नाही आत, मी दोनदा वाकून बघितलंय. तरी जाता-येता मान तिकडे वळतेच.

तर ह्या सगळ्यावरून मी लक्षणं काढली. पहिल्या दिवशी माणूस म्हणतो, छान आहे. नुसतं ‘छान आहे’ हं, पुढे काही नाही. मग तो कमी बोलायला लागतो. मग एके दिवशी तो ड्रॉवर आवरतो. डॉक्टरांनी आवरला होता, मेहुणीने आवरला होता, लिफ्टवाल्याची तर पेटीसुद्धा आतून आवरलेली होती, नट-बोल्टचे सगळे पाने चढत्या क्रमाने. ड्रॉवर आवरला की समजायचं, हा माणूस आता राहत नाही. तुमच्यात कुणी आवरलाय का अलीकडे? त्या मागच्या ताई, मान खाली का घातलीत?

असो. आणि मग, बरोबर तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी चहा घेताना बायको म्हणाली, “मला एखादा अल्बम सांगा ना.”

तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला कप बशीवर वाजला. एकोणीस वर्षं संसार झाला, ह्या बाईने मला एक गाणं विचारलं नाही. ती पाणी तपासते. प्रयोगशाळेत. शहराच्या कानाकोपऱ्यातून बाटल्या येतात, ती त्यात थेंब टाकते, रंग बघते, आणि लिहिते, पिण्यायोग्य. आयुष्यात कधी कशाला फसली नाही. तिला गाण्यांचं काय? मी म्हटलं, अगं, रेडिओ लाव. तर म्हणते, “नको. अल्बमच हवा. मोठा हवा. आणि हेडफोन द्या मला तुमचे, ते कान पूर्ण झाकणारे.” आता सांगा, कान पूर्ण झाकणारे!

नऊ दिवस मी अल्बम शोधला. तीन हजार रेकॉर्डमधून. यादी केली आणि काट मारत गेलो. ज्यात कुणी कुणाला सोडतं, काट. रस्ता आला, काट. समुद्र आला तर आधी काट, समुद्र आला की माणसं जातातच. अल्टरनेटिव्ह रॉक तर अख्खाच काट, त्यातला सगळ्यात आनंदी माणूससुद्धा खिडकीशी उभा असतो. रोज घरी आलो की तिला समजावायचो, हा का नको, तो का नको, ह्याच्या बेस गिटारवाल्याचं पुढे काय झालं... ती ऐकायची. निदान माझ्याकडे बघत असायची. शेवटी एकच राहिला, पिवळ्या चेंडूवाला. पॉप. अकरा गाणी, अकराही उड्या मारण्याबद्दल. भिंग घेऊन मी शब्द वाचले. सहाव्या गाण्यात एक शब्द खटकला, ‘टुमॉरो’. उद्या. उद्या काय? उद्या कुठे? पण म्हटलं, एका शब्दाने काय होतंय. कार्ड लिहिलं नाही. तिच्या हातात दिला आणि म्हणालो... काय म्हणणार? ‘ऐकून बघ’ एवढंच म्हणालो.

पहिल्या दिवशी कामावरून आली, हेडफोन लावले, खुर्चीत बसली, डोळे मिटले. दोन्ही बाजू. उठल्यावर विचारलं, कसा आहे? म्हणाली, “छान आहे.”

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी समोर बसून तोंडाकडे बघतोय, पाय हलतो का, बोट हलतं का. काही नाही. उड्या मारण्याची अकरा गाणी, आणि बाईची पापणी लवत नाही! चौथ्या दिवशी मी दुकानातून आलो तर ती खाली बसून ड्रॉवर आवरत होती. माझा नाही, तिचा. सुया एका डबीत, गुंड्या दुसऱ्या डबीत. मी तिथेच भिंतीला टेकलो. पाचव्या दिवशी सर्टिफिकेटची फाइल निघाली. सहाव्या दिवशी माळ्यावरची बॅग खाली आली, पुसली गेली, आणि उघडी करून उन्हात ठेवली गेली.

आणि मग मी ते केलं. मंडळी, बावीस वर्षं मी लोकांना ओरडलोय, रेकॉर्डला बोट लावू नका, कडेला धरा, श्वास दुसरीकडे सोडा. त्याच मी, बायको कामावर असताना, टाचणी घेतली आणि सहाव्या गाण्यावर एक ओरखडा ओढला. म्हटलं, सुई अडकेल, हिची तंद्री मोडेल, चिडेल, उठेल, संपलं. संध्याकाळी ती बसली. मी दारात उभा. सुई सहाव्या गाण्यावर आली, पुढे गेली, टुक करून मागे आली. पुढे गेली, मागे आली. ही उठेना! वीस मिनिटं. मी चवड्यांवर जवळ गेलो, वाकलो... तुम्हाला माहितीये, सुई स्वतःही गाते, बारीक, कान अगदी जवळ नेला तर ऐकू येतं. ‘टुमॉरो... टुमॉरो... टुमॉरो...’ आणि ही डोळे मिटून शांत, ओठांवर किंचित हसू. मी तिच्या खांद्याला धरून हलवलं. म्हटलं, “कुठलं गाणं? कुठल्या गाण्याने केलं हे सांग!”

तिने हेडफोन काढले. म्हणाली, “कसलं गाणं? आवाज बंद आहे.”

आवाज बंद! बटण शून्यावर. पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, मग इतके दिवस ऐकत काय होतीस? तर म्हणाली, “काही नाही. तेच हवं होतं. हे डोक्यावर असलं की तुम्ही बोलत नाही. मला थोडा विचार करायचा होता.”

दुसऱ्या गावी, धरणापाशी, नवी प्रयोगशाळा निघालीये. तिला तिथली मुख्य म्हणून नेमलंय. दोन वर्षं. मी म्हटलं, अगं, मला सांगायचं तरी. ती रागावली नाही, तेच तर वाईट. “पत्र येऊन तीन आठवडे झाले,” म्हणाली. “टेबलावरच होतं. त्याच्या पाकिटावर तुम्ही अल्बमची यादी केलीत.”

मी पाकीट उलटं करून बघितलं. वर तिचं नाव, हुद्दा, सगळं टाइप केलेलं, आणि त्याच्यावरून माझी काट... रस्ता, काट. समुद्र, काट. धरणाचा पत्ताही एका काटेखाली गेला होता.

मग मी विचारलं, मी येऊ का? तर म्हणाली, “मला आवडेल. पण शनिवारी चारच्या गाडीने मी जाणार. तुमच्यासाठी गाडी थांबवणार नाही.” मी म्हटलं, येतो म्हणजे येतोच. आज सकाळी माझीही पिशवी भरली मी, दोन शर्ट, दाढीचं सामान, एकही रेकॉर्ड नाही. म्हटलं, नुसती पाटी लावून येतो, तू चहा पिईपर्यंत परत. तिने माझ्याकडे बघितलं, चहाकडे बघितलं, आणि म्हणाली, “तिथे कुणाशी बोलू नका.” मी हसलो. म्हटलं, मी काय कुठे बोलत बसतो का? तर आता ही पाटी घ्या कुणीतरी, त्या खिळ्याला अडकवा, मी निघतो, किती वाजले?

किती?

परत बघा. तुमचं घड्याळ पुढे असेल... तुमचं? तुमचंही?

चार वाजून वीस.

अहो, मग मला थांबवलं का नाही कुणी? वीस माणसं उभी आहात इथे, सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं...

काय म्हणालात ताई? ऐकत होतात?

...बसा. ती खोकी घ्या जवळ ओढून. कुणाला कुठला अल्बम हवा होता?