खिळ्यावरचा नवा टायर

(योग्याकार्ताजवळचं गाव. घरामागची पत्र्याची शेड; मोटारसायकलचा टायर काढायचं हातयंत्र जमिनीत बोल्टनं घट्ट बसवलेलं. वेनिंग, तिचे सासरे सुरोतो. दाराशी सात वर्षांची रारास.)

रारास : आई, फट्ट वाजलं! काय फुटलं?

वेनिंग : काही नाही गं. टायरची कड रिमवरून सुटली. दारात काय उभी? आत ये की.

रारास : इथून दिसतंय.

सुरोतो : वेनिंग, दांडा टोकाला धर. भात ढवळल्यासारखा काय फिरवतेस? अंग टाक त्याच्यावर.

वेनिंग : अंग उरलंय कुठं मामंजी, टाकायला!

सुरोतो : साबणाचं पाणी लाव. अजून. माझा विबोवो वाटीभर ओतायचा.

वेनिंग : आणि कपड्याची वडी संपली म्हणून मी ओरडायचे.

सुरोतो : मशिदीपर्यंत ऐकू यायचं.

वेनिंग : निघाला एकदाचा. हात फिरवून बघा, बाटलीसारखा गुळगुळीत झालाय.

सुरोतो : नको. ठेव तो पलीकडं. खिळ्यावर टांगलेला नवा घे. त्यावर बाण असेल, चाक फिरतं त्या बाजूला त्याचं तोंड हवं.

वेनिंग : रारास, बाण शोधून दे ना. बाबांना तूच दाखवायचीस.

रारास : तुम्हीच शोधा.

सुरोतो : विबोवो गेल्यावरचं चाळिसाव्या दिवसाचं जेवणही होऊन गेलं, पण पोरगी शेडीत पाऊल टाकत नाही. यंत्राला भ्यालीय.

वेनिंग : परवा चुलीत पतंगाच्या काड्या सापडल्या मला. ह्यांनी केलेला पतंग. हिनंच घातला. कशात मनच नाही तिचं.

सुरोतो : बरं, आता वरची कड. समोरची बाजू गुडघ्यानं दाब, रिमच्या खोलगटात गेली पाहिजे. नाहीतर जन्मात चढायची नाही. हां... हां... बसली! माझ्या लेकाला पहिल्या वेळी दुपार लागली होती.

वेनिंग : हे ऐकून चिडले असते.

सुरोतो : चिडला असता. आणि सगळं सोडून पुन्हा स्वतः बसवला असता.

वेनिंग : रारास, बघ तरी. नवाकोरा आहे, कशा खोल खाचा आहेत. उद्यापासून माझ्या मागं बसायचं. शाळेत पायी जाणं पुरे.

रारास : मी चालतच जाईन.

वेनिंग : टाचेला फोड आलाय तुझ्या.

रारास : येऊ दे.

वेनिंग : आता गाडी घसरणार नाही राणी. मी स्वतः बसवलाय.

रारास : बाबा त्या रविवारी हाच बसवणार होते ना?

वेनिंग : हो.

रारास : त्यांनी दांडा लावला होता. साबणाचं पाणीपण केलं होतं. मीच म्हटलं, आधी समुद्रावर जाऊ, पतंग उडवू. मी रडले, म्हणून ते आले.

सुरोतो : अगं पोरी...

रारास : दुसऱ्या दिवशी सोमवारी पाऊस होता. सातव्याच्या जेवणाला शेजारच्या काकू म्हणाल्या, टायर झिजला होता म्हणून बाबा घसरले.

वेनिंग : ये. इकडं ये आधी.

रारास : आई, आत्ता बसवायला किती वेळ लागला?

वेनिंग : अर्धा तास असेल.

रारास : मग मी अर्धा तास थांबले असते, तर बाबा सोमवारी घरी आले असते?