मानलेलीला हिब्रूत काय म्हणतात

नाओमी, दानिएल, हे तुम्हाला मराठीत सांगते आहे, अडलं तर आईकडून वाचून घ्या. माझा हात थरथरतो म्हणून मी बोलते आणि तुमची दीनामावशी उतरवून घेते. ती मधेमधे माझी वाक्यं तोडायला बघते, तिला म्हटलं, बाय, मी बोलते तसंच लिही. आणि आत्ताच का, तर नाओमी, तू टोरोंटोहून लिहिलंस की व्हिसाच्या ऑफिसात खिडकीमागच्या बाईनं मान वर करून तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि विचारलंस, आजी, तू पण अशीच होतीस का? होते, पोरी. पुष्कळ वर्षं होते.

मी ठाण्याची, कॉन्व्हेंटमधली मॅट्रिक, टायपिंग झालेली. सहा दिवसांच्या लढाईच्या दोन वर्षं आधी आम्ही इथे इस्रायलात, रामल्याला आलो, आणि इंग्रजी चांगलं, हिब्रू पटकन उचललं, म्हणून मला परदेशी लोकांच्या खात्यात टेबल मिळालं. आपल्या लोकांना त्या खिडकीचं काम नव्हतं, यहुदी माणूस उतरला की इथलाच झाला. खिडकी होती बाकीच्यांसाठी. विमानतळावर तीन महिन्यांचा शिक्का बसायचा, तो संपत आला की माणूस आमच्याकडे यायचा, आम्ही फॉर्म भरून यरुशलेमला पाठवायचा, आणि हो की नाही ते तिथून यायचं. मुदत उलटून जो राहील त्याचं नाव सरहद्दीवरच्या यादीत. लढाई झाली की यादी वाढायची, प्रश्न वाढायचे, आमचे चेहरे आणखी लांब व्हायचे. फॉर्मात एक रकाना होता, नातं. काय सांगू तुम्हाला, माणूस राहणार की जाणार ते त्या बोटभर जागेवर ठरायचं.

तर आमच्या गल्लीत सारा होती, ठाण्याचीच, मूलबाळ नाही, नवरा वारला आणि वर्षाच्या आत तिची उजवी बाजू लुळी पडली. हे ठाण्याला यशोदेला कळलं. यशोदा कोण, तर साराची आई बाळंतपणात गेली तेव्हा शेजारच्या यशोदेच्या आईनं दोघींना एका मांडीवर वाढवलं. यशोदा हिंदू, लहानपणीच विधवा झालेली, आणि त्या दोघी सगळ्या आळीत बहिणी म्हणूनच ठाऊक. ती आली ती टूरिस्ट म्हणून, एक ट्रंक आणि कोकमं घेऊन, आणि साराला न्हाऊ घालणं, भरवणं, उठवून बसवणं सगळं तिनं हातात घेतलं. तीन महिने संपत आले तेव्हा साराला चाकाच्या खुर्चीत ढकलत ती माझ्या खिडकीशी आली.

ही कोण, मी नियमाप्रमाणे विचारलं. सारा म्हणाली, फ्लोरा, तुला ठाऊक नाही? माझी मानलेली बहीण. आणि मी, कॉन्व्हेंटची शहाणी, मनात त्याचं इंग्रजी केलं, अडॉप्टेड सिस्टर, इंग्रजीचं हिब्रू केलं आणि रकान्यात लिहून टाकलं, दत्तक बहीण.

तीन आठवड्यांनी कागद परत आला. दत्तकाचा कोर्टाचा हुकूम जोडा, चौदा दिवसांत, नाहीतर खोटी माहिती दिली असं धरून देश सोडावा. चूक माझी, आणि जाणार यशोदा.

मी साहेबाकडे गेले. रुमानियातून आलेला, सदा पोटदुखीच्या गोळ्या चघळणारा माणूस. सगळं सांगितलं. बाईमाणसाला इथे गवेरेत म्हणतात, तो म्हणाला, गवेरेत फ्लोरा, म्हणजे रक्ताची नाही, कागदाची नाही, मग बहीण कशी? म्हटलं, आमच्यात मानलं की झाली. मानलं की झाली, आणि सही कोण करतं? सही कुणी करत नाही. तो हसला, म्हणाला, उद्या विमान भरून तुमच्या बहिणी येतील, त्यांना कुठे बसवू? मग गोळी गिळून म्हणाला, आजाऱ्याची देखभाल करणारी बाई असा एक प्रकार आहे, तसा नवा अर्ज आणा, तुमच्या चुकीचं मी वर लिहितो.

संध्याकाळी साराकडे गेले. ती भडकली. माझ्या बहिणीला मोलकरीण लिहिणार? मी सही करणार नाही, तिच्याबरोबर मलापण हाकलून द्या. यशोदा चुलीशी, म्हणजे गॅसशी, भाकरी थापत होती, तिथून म्हणाली, लिवा वो फ्लोराबाय. मोलकरीण लिवा, म्हैस लिवा, काय अंगाला चिकटतंय? आणि सारे, तू सही कर, नायतर उद्या तुला न्हाऊ घालायला तो पोटदुखीवाला सायब येणार हाये का? सारा हसली नाही. डाव्या हातानं तिनं सही केली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. पुढची चार वर्षं दर मुदतीला मी कागद घेऊन जायची, सही व्हायची, चहा यशोदा द्यायची, आणि सारा माझ्याशी एक शब्द बोलायची नाही.

मग सारा गेली. नियम साधा होता, आजारी माणूस नाही तर देखभालवाली बाई नाही. बहीण म्हणून मान्य झाली असती तर कदाचित राहिली असती, नसतीही, ते मला आज सांगता येत नाही. साहेबानं फाइल उघडली आणि विचारलं, तुमच्या त्या बाईच्या कबरीवर दगड कधी बसतो? म्हटलं, तिसाव्या दिवशी. त्यानं लिहिलं, तीस दिवस. शिक्का मी मारला.

सुतकाचे सात दिवस आमच्यात घरची माणसं जमिनीवर बसतात, यशोदाही आमच्या बायकांबरोबर बसली. तिला उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दगडावर काय घालायचं ते तिनंच ठरवलं. कारागिराला मराठी अक्षर येईना, मी कागदावर मोठं काढून दिलं, त्यानं चित्रासारखं कोरलं, मात्रा थोडी वाकडी झाली. तिसाव्या दिवशी सकाळी दगड बसला, दुपारी तिचं विमान. जाताना माझ्या पाया पडली, मीच पडायला हवं होतं.

मुलांनो, मी वाईट बाई नव्हते, दमलेली होते. देव तुम्हाला खिडकीच्या दोन्ही बाजूंना सांभाळो. आता सारा नाही, यशोदा गेल्या वर्षी ठाण्यात वारली, साहेब केव्हाच गेला. रामल्याच्या कबरस्तानात तो दगड आहे. वर हिब्रूत साराचं नाव, आणि खाली मराठीत, यशोदेची बहीण.