मधल्यांचा पक्ष

नाही नाही, मला वेडा म्हणा, खुळा म्हणा, माझी काही हरकत नाही, पण पळपुटा म्हणू नका हो! तुम्हाला सांगतो, गेला महिनाभर दुकानात येणारा प्रत्येक माणूस मला हेच ऐकवून जातोय. चष्म्याची दांडी फुकटात घट्ट करून घेणार, वर काच पुसून घेणार आणि निघताना दारातून विचारणार, "काय साहेब, तुमचं नक्की काय? इकडं की तिकडं?" अरे, मध्ये! मध्ये आहे मी! आता यात माझं काय चुकलं, सांगा ना!

मुळात मी जन्मालाच मधला आलो... मी काय तसा अर्ज केला होता? वर दादा, खाली धाकटा. दादाचं म्हणणं, जुनं आहे तेवढं सगळं उलथून टाका, आणि तेही उद्या दुपारच्या आत. धाकट्याचं म्हणणं, जुन्याला कुणी बोट लावून तर दाखवा! दोघं आपापल्या पक्षात मोठे पुढारी, आणि सहा वर्षं झाली, एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. कशावरून? वडील गेले तेव्हा शोकसभेत वाद झाला, की वडील नक्की कुणाच्या बाजूचे होते! अहो, पोस्टमन होते ते, कुणाच्या बाजूचे असणार? चाळीस वर्षं दोन्ही बाजूंची पत्रं वाटली त्यांनी.

आई माझ्याकडे असते. ब्याऐंशी वर्षांची. दादा तिला भेटायला सोमवारी येणार, धाकटा मंगळवारी. म्हणजे गुडघा कुठं दुखतो ते सोमवारी सांगायचं आणि मंगळवारी तेच पुन्हा पहिल्यापासून. एक दिवस मला म्हणाली, "दोघांना एका टेबलावर जेवताना बघायचंय रे मला. आता किती दिवस राहिलेत माझे?" आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला, म्हणे धूळ बसली, पूस जरा. धूळ! तीस वर्षं चष्मे पुसतोय मी, धूळ कुठली आणि ओल कुठली, मला कळत नाही?

तर दुसऱ्या दिवशी दुकानात एका बाईंचे डोळे तपासत होतो. भिंग बदलायचं आणि विचारायचं, हे बरं की हे बरं? हे की हे? शेवटी बाई म्हणाल्या, "आता दोन्ही सारखंच दिसतंय." आमच्या धंद्यात दोन्ही सारखं दिसायला लागलं की समजायचं, नंबर बरोबर लागला! आणि तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडला... हाच नंबर अख्ख्या गावाला लावला तर? मधला पक्ष काढायचा! दोन्ही टोकांची माणसं हळूहळू मध्ये येतील आणि त्यांच्या गर्दीत आमची घरची दोन टोकंही येतील. बायको म्हणाली, "तुम्हाला दुकानासमोरची गाडी हटव म्हणून सांगता येत नाही, तुम्ही पक्ष काढणार?" तिचंही बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. आता हे असं वाटणं, यात माझं काय चुकलं?

रविवारी दुपारी दुकानातच पहिली सभा भरली. मी, गणिताचे निवृत्त मास्तर आणि दवाखान्यातल्या नर्सबाई. मास्तरांनी पहिल्याच मिनिटाला नियम घातला, "जाहीरनाम्यातल्या ज्या ओळीनं कुठलीही एक बाजू दुखावेल, ती ओळ रद्द!" आम्ही टाळ्या वाजवल्या. तीच आमची घोडचूक, पण तेव्हा कुणाला कळतंय? अठरा मुद्दे होते हो माझ्याकडे, वहीभर! पहिला मुद्दा, शाळा चांगल्या हव्यात. मास्तर म्हणाले, "म्हणजे आत्ता वाईट आहेत? आत्ताचे दुखावतील. खोडा." दुसरा, दवाखान्यात खाटा वाढवा. नर्सबाई म्हणाल्या, "कोणत्या वॉर्डात? ज्या वॉर्डात नाही वाढवणार, ते दुखावतील. खोडा." झेंड्यासाठी दोन्ही पक्षांचे रंग वाटीत मिसळून बघितले, तर असा काही चिखलाचा रंग निघाला की नर्सबाईंनी ती वाटी लगेच धुवायला नेली. संध्याकाळी पाचपर्यंत सतरा मुद्दे खोडून झाले. उरला एक, सगळ्यांनी एकमेकांशी नीट बोलावं. मास्तर बराच वेळ पेन्सिल चावत बसले आणि म्हणाले, "नीट म्हणजे? नीट कुणी ठरवायचं?" नीट खोडलं.

तरी मी माघार घेतली नाही हं! शाळेचा हॉल घेतला, जाहीर सभा ठेवली. आणि आले की लोक! दादा आला, का, तर धाकटा येणार म्हणून. धाकटा आला, का, तर दादा येणार म्हणून. दादाची माणसं एका भिंतीकडच्या खुर्च्यांवर, धाकट्याची दुसऱ्या भिंतीकडच्या. आणि मध्ये? अहो, हॉलमध्ये मध्ये खुर्च्या नसतातच, मध्ये असते जायची-यायची वाट, आणि त्या वाटेच्या तोंडाशी एकटी आमची आई, घडीच्या खुर्चीवर. मी माइकपाशी गेलो. तिच्याकडे बघितलं आणि पाठ केलेलं भाषण पार विसरलो. तोंडातून एवढंच निघालं, "मित्रहो, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे."

झालं! दादा ताडकन उठला, "थोडं? थोडं म्हणजे किती रे?" आणि समोरच्या भिंतीकडून धाकटा ओरडला, "बरोब्बर! हेच विचारतोय मी! थोडं म्हणजे काय?" दादा तिकडं वळून म्हणतो, "बघ ना!" ऐकलंत? बघ ना! सहा वर्षांनी! धाकटा म्हणाला, "दादा, अरे, लहानपणापासून हा असाच! शेजारच्यांची काच तू फोडलीस की मी, विचारलं, तर म्हणे दोघांनी थोडी थोडी फोडली!" आणि दादा हसला हो... वडिलांसारखं खांदे हलवत हसला. दोघं मधल्या वाटेनं चालत आईपाशी आले आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभं राहून मला शिव्या घालू लागले. दोन्हीकडची माणसं टाळ्या वाजवत होती. मी माइकपाशी उभा, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

पक्ष त्याच दिवशी संपला. मास्तर गणिताकडे परत गेले, नर्सबाई रात्रपाळीकडे. पण तेव्हापासून दर रविवारी दादा आणि धाकटा माझ्याकडे जेवायला असतात. एका टेबलावर! पूर्ण वेळ माझी सालटी काढतात, मी कसा कण्याचा कच्चा, कसा गुळमुळीत, एक बोलायला लागला की दुसरा वाक्य पुरं करतो, आणि आई दोघांना वाढत असते, दोन घास जास्तच. मी मान खाली घालून जेवतो. वाईट वाटतं का? वाटतं हो, न वाटायला मी काय दगड आहे?

गेल्या रविवारी मात्र गंमत झाली. कुठून तरी वडिलांचा विषय निघाला आणि दोघं एकदम गप्प. चमचे खाली. दादा खिडकीबाहेर बघतोय, धाकटा ताटात बघतोय, मला वाटलं, संपलं, आता पुन्हा सोमवार-मंगळवार! तेवढ्यात टेबलाखालून माझ्या पायाला कुणीतरी टोचलं. बघतो तर आई. पुढं वाकून माझ्या कानात कुजबुजली, "अरे, असा बसलास काय? बोल की काहीतरी मधलं!"

बोललो. काय करता?