मे महिन्यातला थंडीचा धूर

कासमभाई, बागायतदार मंडळी, माझ्या ड्रायव्हर भावांनो,

माझं नाव विलास. मी ट्रक चालवतो. माइकसमोर उभं राहायची मला सवय नाही. एवढ्या उन्हातून तुम्ही इस्माईलसाठी आलात. कट्टा गावातून आलात, कणकवलीहून आलात. बरेचजण रडताहेत. मला रडू येत नाही. मला शिसारी आलीय. माफ करा, पण दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आत्ता माझ्याआधी आप्पा बोलले. आमचे मालक. इस्माईल आणि मी, दोघंही त्यांचेच ट्रक चालवायचो. आप्पा म्हणाले, इस्माईल मला मुलासारखा. म्हणाले, नशिबापुढे कुणाचं चालतं? रुमालाने डोळे पुसले. आप्पा, मी तिथे खाली बसून ते सगळं ऐकत होतो.

नशीब? बरं. काय झालं ते मी सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

आंब्याचा हंगाम संपत आलेला. सकाळी आप्पांच्या आवारात इस्माईलचा ट्रक पेट्या भरून उभा होता. कोल्हापूरला जायचा होता. त्याने नेहमीसारखं आधी रेडिएटर बघितलं. आदल्या दिवशी भरलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, खाली गेलेलं, आणि गाडीखाली एक थेंब नाही. मग स्टार्टर मारला. मागून पांढरा धूर. धूर कसला, ढगच. आवाराचं फाटक दिसेना.

इथे जे ड्रायव्हर नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. डिझेलची गाडी सकाळी चालू करताना पांढरा धूर सोडते कधी कधी. इंजिन गार असतं, डिझेल पुरतं जळत नाही, तेच बाहेर येतं. त्या धुराने डोळे चुरचुरतात, कच्च्या डिझेलचा वास येतो. इंजिन तापलं की जातो. पण दुसराही पांढरा धूर असतो. तो इंजिन तापलं तरी जात नाही. त्याला गोडसर वास येतो, कारण ते डिझेल नसतं, कूलंट असतं. इंजिनाचं हेड म्हणजे वरचं झाकण, त्याखालचं गॅस्केट गेलं की कूलंट आत सिलिंडरमध्ये शिरतं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघतं. अशी गाडी चढाला लावली की तापणार आणि बसणार. कुठल्या वळणावर, एवढाच प्रश्न.

हे इस्माईलला कुणी शिकवलं? मला कुणी शिकवलं? आप्पांनीच. आप्पा मालक व्हायच्या आधी गाड्यांचे मेस्त्री होते. सायलेन्सरशी आमची मान धरून वाकवायचे आणि म्हणायचे, "धूर डोळ्यांनी बघू नको रे. नाकान बघ."

त्या सकाळी इस्माईलने नाकानेच बघितला. गाडी बराच वेळ चालू ठेवली. धूर जाईना. सायलेन्सरपुढे पांढरं फडकं धरलं. ओलं झालं, पण डिझेलचा तेलकट डाग नाही. त्याने आप्पांना हाक मारली. "आप्पा, वास घेवा. गोड येता. हेड उघडूक व्हया."

आप्पा आले. वाकले. वास घेतला. मी माझ्या ट्रकच्या पायरीवर उभा होतो, मला त्यांचं तोंड दिसत होतं. त्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. म्हणाले, "थंडीचो धूर आसा. वाटेक जातलो."

सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. मी म्हटलं, "मे म्हयन्यात खंयची थंडी, आप्पा?"

"तू गप रव. हेड उघडून बसलंव तर माल कुसतलो." मग इस्माईलकडे वळून, "तुका जमणा नसात तर चावी दी. त्या नव्या ड्रायव्हराक धाडतंय."

इस्माईलने चावी दिली नाही. मी त्याला बाजूला घेतलं. जाऊ नको म्हटलं. तो म्हणाला, "तो नवीन आसा रे. गरमीचो काटो चढलो तरी त्येका कळाचा नाय, दामटीत नेतलो. मी थांबत थांबत नेतंय." केबिनमध्ये पाण्याचे कॅन भरून ठेवले आणि गेला.

दुपार कलल्यावर मला त्याचा फोन. "विलास, इंजिन बसला. घाटातल्या वळणावरच. मागे फांदये टाकून येतंय, नायतर कोणतरी येवन आदळात."

फांद्या टाकायला वाकला होता. वळणावरून टेम्पो आला. त्या टेम्पोवाल्याला मी दोष देत नाही. त्यानेच उचललं, त्यानेच दवाखान्यात नेलं.

आप्पा माझ्याआधी पोचले होते. आत इस्माईलच्या तोंडावर चादर ओढलेली. बाहेर आप्पा फोनवर. काय बोलत होते? "पेट्या दुसऱ्या गाडीत घाला. उन्हात ठेवू नका." मी ह्या कानांनी ऐकलं.

आणि पोलिसांना काय सांगितलं? ड्रायव्हरने पाणी बघितलं नाही. ड्रायव्हरचा हलगर्जीपणा. कारण ड्रायव्हर आता उत्तर देणार नव्हता.

आप्पा, उठू नका. बसा. तुम्हाला कळलं नसतं, तर मी आज तुमच्या शेजारी बसून रडलो असतो. चूक कुणाचीही होते. पण तुम्हाला कळलं होतं. वाकून, वास घेऊन कळलं होतं. याचीच घाण वाटते. आणि वर मुलासारखा म्हणता?

इस्माईलच्या बायको रुबिनाभाभी इद्दतीत आहेत, शोकाचे दिवस पाळताहेत, घराबाहेर पडू शकत नाहीत. पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी थोरल्या दिरांकडे, ह्या कासमभाईंकडे, निरोप दिला. विलासभाईंना विचारा, ह्यांची चूक होती का? नवरा गेला, आणि त्या बाईला हा प्रश्न विचारायची पाळी आली.

काल मी पोलीस ठाण्यात जाऊन जे पाहिलं ते सांगून आलो. ट्रक तिथेच उभा आहे. हेड उघडा म्हटलंय, चार माणसांसमोर उघडा. पण सांगणारा मी एकटाच होतो. त्या सकाळी आवारात पेट्या चढवणारे तुम्हीही होतात. तुमच्याही नाकात तो वास गेला. उद्या माझ्याबरोबर कोण येतं?

...सदा, हात खाली घेऊ नको. दिसला मला. आणखी कोण? बरं. तुम्ही दोघं. बरं.

कासमभाई, भाभींना सांगा. चूक नव्हती. त्याने जेवढं बघायचं तेवढं सगळं बघितलं होतं.

इस्माईल, खुदा हाफिज रे.

आता आपण उभे राहू आणि थोडा वेळ गप्प राहू. सगळ्यांनी उभं राहा.

आप्पा, तुम्ही नको. तुम्ही बसूनच राहा.