लाकडातली माय

गोंदियाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला आलेल्या सुलोचनाबाईंच्या शेजारी बसलेले आंधळे उदेलाल, लेकीनं मांडीवर ठेवलेली कोरीव फळी चाचपत होते.

“रिंके, तुही माय तर मरेपर्यंत डाव्या नाकात नथ घाले. इथं उजवीकडं काऊन?”

“छापल्यावर डावीकडं येते, बाबा.”

“कोरली कोनं?”

“मीच. जपानात अशा लाकडी छाप्यांसाठी आधी चितारनारा, कोरनारा, छापनारा येगयेगळा राहे. मंग नव्या कलाकारांनी सारं सोताच केलं. मीबी तसंच करून राहिली.”

“आता?”

“छापलेला कागद प्रदर्शनात लावीन. फळी घासून दुसरं चित्र कोरीन.”

“कागद लोकाईले दाखव. फळी घासू नको, बाई. कागदावर तुही माय मले दिसत नाही.”

“नाही घासत, बाबा.”

“मंग राहू दे मांडीवर. अजून कपाळ पाहाचं आहे.”